एचआयव्ही तपासणी : घाई आणि धास्ती

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण दवाखाना बंद होण्याच्या वेळी आला. बाकीचे रुग्ण जाईपर्यंत तो बाहेर बाकावर बसून होता. आत आल्यावर त्याने खिशातून तीन घडी घातलेले कागद काढून टेबलावर ठेवले. तीन वेगवेगळ्या लॅबोरेटरींचे एचआयव्ही तपासणीचे रिपोर्ट. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून दोन ठिकाणी तर तो शेजारच्या जिल्ह्यात जाऊन आला होता. तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

"डॉक्टर, मार्चमध्ये माझं लग्न आहे. एकदाच चूक झाली. रिपोर्ट चांगले आले, पण झोप लागत नाही. आणखी एक तपासणी लिहून द्या."

मी तारखा पाहिल्या. पहिली तपासणी त्या प्रसंगानंतर चौथ्या दिवशी, दुसरी अकराव्या आणि तिसरी एकोणिसाव्या दिवशी केलेली. मी म्हटले, "अरे, रिपोर्ट तीन आहेत, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर एकातही नाही."

विंडो पिरियड म्हणजे काय?

बी पेरल्यावर तिसऱ्या दिवशी शेतात जाऊन काही उगवलेले दिसले नाही, तर बी पडलेच नाही असे शेतकरी म्हणत नाही. तपासणीचेही तसेच आहे. विषाणू शरीरात शिरला, तरी पहिले काही दिवस रक्तात त्याचा पुरावा सापडत नाही. आपल्याकडील नेहमीची तपासणी विषाणूला शोधत नाही. विषाणूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, त्यांना ती शोधते. ती पुरेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात. लागण झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंतच्या या काळाला विंडो पिरियड किंवा गवाक्ष काळ म्हणतात. या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि तरीही त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते. हे फार महत्त्वाचे आहे.

किती दिवस थांबायचे?

ते तपासणीच्या प्रकारावर अवलंबून असते. फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासणीत लागण २३ ते ९० दिवसांत दिसते. प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी-२४ हे प्रथिनही शोधणारी, शिरेतील रक्तावर केलेली चौथ्या पिढीची तपासणी १८ ते ४५ दिवसांत सांगू शकते. थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी १० ते ३३ दिवसांत सांगते, पण ती महाग असते आणि प्रत्येकाला तिची गरज नसते.

म्हणून लॅबोरेटरीत गेल्यावर "ही कोणती तपासणी आहे?" असे जरूर विचारावे. ते कळत नसेल तर सरळ हिशेब ठेवावा : शेवटच्या धोक्याच्या प्रसंगापासून तीन महिने पूर्ण झाल्यावर केलेली तपासणी निगेटिव्ह आली आणि मधल्या काळात नवा धोका घेतला नसेल, तर ते उत्तर पक्के समजावे.

आणखी एक गोष्ट. धोक्याचा प्रसंग घडून ७२ तास उलटले नसतील, तर तपासणीची वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. लागण टाळण्याची औषधे असतात. ती जितकी लवकर सुरू होतील तितके चांगले, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ही औषधे घेतलेल्यांचे तपासणीचे वेळापत्रक वेगळे असते, ते डॉक्टरांकडूनच समजून घ्यावे. माझ्या या रुग्णाची ती वेळ टळून गेली होती.

वाट पाहण्याचे दिवस

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते या दिवसांत पटते. तो तरुण रोज आरशात जीभ पाहत होता, मानेतल्या गाठी चाचपत होता, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर लक्षणे वाचत होता. नवीन लागणीत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येऊ शकते, हे खरे. पण साध्या विषाणूजन्य तापातही हेच होते, आणि कित्येकांना लागण होऊनही काहीच होत नाही. लक्षणांवरून निदान होत नाही. शिवाय दिवसातून दहा वेळा चाचपल्यावर गाठ दुखणारच.

मी त्याला चार गोष्टी सांगितल्या. एक, सहा आठवड्यांची आणि तीन महिन्यांची अशा दोन तारखा कॅलेंडरवर लिही. मधे तपासणी नाही. दोन, मोबाइलवर लक्षणे शोधणे बंद. तीन, काम सोडू नकोस आणि झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नकोस. चार, विश्वासाच्या एका माणसाला सांग. तीन महिने पूर्ण होईपर्यंत निरोधशिवाय संबंध नाही आणि रक्तदानही नाही, हे पथ्य वेगळेच.

पण लग्न मार्चमध्ये, आणि तीन महिने पुरे होणार एप्रिलमध्ये. त्याने मामाला सांगितले. मामा चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी वैशाखातला मुहूर्त धरायला लावला. त्या मुलीच्या आयुष्याचाही प्रश्न होता, हे त्यांना माझ्याआधी कळले.

ब्याण्णवाव्या दिवशीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी आठवड्याने स्वारी पुन्हा हजर : "आणखी एकदा करू का?" मी साफ नकार दिला. वेळेआधीची तपासणी जशी व्यर्थ, तशी पक्क्या उत्तरानंतरचीही. उत्तर मिळूनही भीती सुटत नसेल तर दुखणे रक्तात नाही, मनात आहे. त्यालाही उपचार आहेत, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि पॉझिटिव्ह आला तर?

एका तपासणीवर कोणालाही पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तपासण्यांनी खात्री केल्यावरच निदान सांगतात. आपल्या देशात २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली, आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार देण्याचे धोरण आहे. रोज नियमाने औषध घेणारा माणूस दीर्घ आयुष्य जगतो. रक्तातला विषाणू मोजता येऊ नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

तेव्हा चोरून परजिल्ह्यात जाण्याची गरज नाही. जिल्हा रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात तपासणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि माहिती गुप्त ठेवावी लागते. समोर जाऊन विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तपासणी जरूर करा, पण योग्य दिवशी करा, आणि त्या दिवशीच्या उत्तरावर विश्वास ठेवा.