रात्रपाळीत लेन्स की चष्मा?

कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात. उघड्या डोळ्याचा हा पारदर्शक पडदा ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे घेतो. लेन्स ही वाट अडवते; सिलिकॉन हायड्रोजेलची कमी अडवते, एवढंच. म्हणून 24 तासांच्या ड्यूटीत निवासी डॉक्टरांनी चष्माच लावावा, असं माझं ठाम मत आहे. दोन पेशंटच्या मध्ये खुर्चीतच डोळा लागतो, आणि लेन्स घालून झोपल्यास कॉर्नियाच्या जंतुसंसर्गाचा धोका 6 ते 8 पटींनी वाढतो. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरते खरी. पण नाकावरची पट्टी दाबून वर कागदी चिकटपट्टी लावली की ती बरीच कमी होते. रक्त उडणार असेल तिथे मात्र चष्म्यावर फेसशील्ड हवीच. लेन्सच घालायची तर रोज टाकून द्यायची घ्या, तिला नळाचं पाणी लावू नका. त्यातला अकँथामीबा हा सूक्ष्मजीव कॉर्निया पोखरू शकतो.