जमादाराची रात्र

लेखमाला : ठाण्याची पायरी (भाग सहावा)

रात्रीचे दोन वाजलेत. परभणी जिल्ह्यातलं कुठलंही आडबाजूचं ठाणं डोळ्यांसमोर आणा. बामणी म्हणा, पिंपळदरी म्हणा, चुडावा म्हणा. ठाणेदार साहेब खंडपीठातल्या तारखेसाठी संभाजीनगरला गेलेत. फौजदार गाडी घेऊन नाईट राउंडला. ठाण्यात टेबलामागे ठाणे अंमलदार म्हणून एक हवालदार, वायरलेसपाशी एक शिपाई, लॉकअपवर एक गार्ड. पायरीवर एक बाई येऊन उभी राहते. कपाळाला पदर दाबून धरलाय आणि पदर ओला आहे. तिच्या मागे दहा पावलांवर नवरा, आणि नवऱ्याबरोबर गावातला एक वजनदार माणूस. तो हवालदाराला नावाने ओळखतो.

या घडीला ठाण्याचा प्रमुख कोण?

ठाण्यात विचारलंत तर "साहेब सकाळी येतील" असं उत्तर मिळेल. कायद्याचं उत्तर निराळं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या व्याख्यांच्या कलमात लिहिलंय, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हेच होतं, की ठाण्याचा प्रभारी अधिकारी ठाण्यात नसेल किंवा आजारी असेल, तर तिथे हजर असलेल्यांतला त्याच्या खालोखालचा, शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा माणूस हाच प्रभारी अधिकारी. म्हणजे तो टेबलामागचा हवालदार. त्या बाईने सांगितलेला गुन्हा दखलपात्र असेल, तर तो नोंदवणं बंधनकारक आहे; सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये हे पक्कं केलं. स्त्रियांवरच्या काही गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या १९९व्या कलमाखाली सहा महिने ते दोन वर्षं सश्रम कारावास आहे. "सकाळी या" हे दोन शब्द एवढे महाग पडू शकतात. हे सगळं ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला या रात्रीसाठी कोणी तयार केलं, हा आजच्या भागाचा विषय.

गेल्या भागात आपण १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमातल्या पोलीस पाटलाबद्दल बोललो. आता पायरी चढून आत आलो आहोत.

आधी एक शब्द. मराठवाड्यात हवालदाराला अजून जमादार म्हणतात. बीट सांभाळणारा तो बीट जमादार. निजामाच्या राज्यात फौजदार 'अमीन' होता आणि पोलीस अधीक्षक 'मोहतमीम'. सप्टेंबर १९४८ नंतर ते दोन्ही शब्द म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरले, जमादार मात्र टिकला. साहेब लोकांची नावं राज्याबरोबर बदलली; ज्याच्याशी गावाचा रोजचा संबंध, त्याचं नाव गावाने बदलू दिलं नाही.

तर या जमादाराची गोष्ट गुंतागुंतीची आहे. त्याची भरती जिल्ह्यात झालेली असते. उभी नोकरी बहुतेक याच जिल्ह्यात जाते, आज जिंतूर, उद्या सेलू, मग पालम, मग मुख्यालय. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार फौजदारापासून निरीक्षकापर्यंतच्यांची एका ठाण्यातली नेहमीची मुदत दोन वर्षं आणि जिल्ह्यातली चार. शिपाई-हवालदारांची एका ठिकाणी पाच. त्यामुळे स्पर्धा परीक्षा देऊन आलेला पंचविशीतला फौजदार गावांची नावं पाठ होईपर्यंत बदलीला लागतो. कोणत्या शिवारात बांधावरून कोणाची डोकी फुटली होती, गोदावरीच्या कोणत्या घाटातून वाळूचे ट्रॅक्टर निघतात, कोणत्या गल्लीतून मिरवणूक नेली की कुरबूर होते, हे जमादाराला ठाऊक. ठाण्याची स्मरणशक्ती म्हणजे तोच. आणि हीच त्याची अडचण. ज्यांना तो हुकूम देणार त्यांच्याबरोबर त्याने दहा-पंधरा वर्षं एका डब्यात जेवण केलंय. एखादा त्याच्याच भरतीचा, एखादा मेहुण्याच्या गावचा. कालपर्यंत "अरे, माझी तेवढी पाळी बदलून घे" म्हणणाऱ्याला आज हजेरी मास्तर म्हणून "नाही" म्हणायचं असतं.

२०२२ मध्ये राज्याने पोलीस नाईक हे पद रद्द केलं. शिपाई आता थेट हवालदार होतो. पदोन्नती लवकर मिळू लागली हे चांगलंच झालं. अनेकांची उमर नाईकाच्या फितीतच सरत होती. पण नाईक ही मधली पायरी होती, जिथे माणूस दोन-तीन जणांवर नजर ठेवायला नकळत शिकायचा. ती पायरी काढली तर तिथलं शिक्षण दुसरीकडे कुठेतरी द्यायला हवं. ते कुठे दिलं, याचं उत्तर मला कोणाकडून नीट मिळालेलं नाही.

हा दुर्लक्षाचा वारसा जुना आहे. १९०२-०३च्या फ्रेझर कमिशनने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पोलीस दलाचा साचा ठरवला. फौजदार शिकलेला असावा, त्याच्यासाठी प्रांतवार शाळा असाव्यात. त्यातूनच १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला पोलीस प्रशिक्षण शाळा निघाली, १९०९ मध्ये ती नाशिकला गेली आणि आज ती महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. शिपायाचं काम मात्र यांत्रिक मानलं गेलं: पहारा, नेआण, सांगितलं तेवढं करणं. डोकं एकाचं, हातपाय बाकीच्यांचे. परभणी तेव्हा निजामाकडे होती, पण १९५६ मध्ये मुंबई राज्यात आली तेव्हा हाच साचा तिच्या अंगावर चढला. फ्रेझर कमिशननंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, १९७१ मध्ये, केंद्राने पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली. अध्यक्ष होते टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. म. स. गोरे. पोलिसाच्या शिक्षणाचा विचार समाजशास्त्रज्ञाकडे सोपवला, यातच बरंच काही आलं. १९७३च्या त्यांच्या अहवालाने कवायत आणि कलमांपलीकडे माणसांशी वागण्याची वृत्ती शिकवायला हवी, हा मुद्दा पुढे आणला. पन्नास वर्षं उलटली. वर्गात पाहिलंत तर वजन अजून कलमांचंच आहे, आणि १ जुलै २०२४ ला तिन्ही नवे फौजदारी कायदे आल्यावर ते आणखी वाढलं. झडतीचं चित्रीकरण, ई-साक्ष्य ॲप, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. हे शिकवावंच लागणार, तक्रार नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७व्या कलमाने तर प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि आरोप यांची माहिती ठेवायला सहायक फौजदाराच्या खाली नसलेला एक अधिकारी नेमायला सांगितलंय. कायदा एकेक जबाबदारी खाली, मधल्या फळीकडे सरकवतो आहे. ती पेलायला लागणारा धीर मात्र कोणत्याच कलमात नाही.

इथे परभणीकरांच्या मनात असलेली गोष्ट बोलली पाहिजे. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्थानकासमोर, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, मग धरपकड झाली. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हे कायद्याचे विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. त्यांच्या आईच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही तो आदेश टिकला. कोणी काय केलं हे न्यायालय ठरवील. त्यात मी पडत नाही.

माझा प्रश्न अशा कुठल्याही दिवसाचा आहे, कुठल्याही गावातला. जमाव पांगवण्याचा हुकूम कोण देऊ शकतो हे नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८व्या कलमात आहे: कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी, आणि तो नसेल तर फौजदारापेक्षा खालचा नसेल असा अधिकारी. हुकूम सुटतो चौकात. पण पाठलाग गल्ल्यांत शिरतो. तिथे आठ-दहा जणांची तुकडी असते, पुढे एक जमादार, अंगात घाम आणि डोक्यात सकाळपासून खाल्लेले दगड. वायरलेसवरच्या साहेबाला ती गल्ली दिसत नाही. माणूस खाली पडला, त्याचे हात डोक्यावर गेले, आणि तरी काठी उचललेलीच आहे, तेव्हा "बास!" कोण म्हणणार? पोलिसी हुकमांतला हा सगळ्यात अवघड हुकूम. कवायतीच्या मैदानावर 'थम' शिकवतात. पेटलेल्या साथीदाराचा हात धरून त्याला थांबवायचं कसं, ते वेगळं शिकवावं लागतं. लॉकअपच्या दाराशीही तेच. डी. के. बसू प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६च्या निकालात अटकेचा मेमो, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, सगळं आहे. त्याच न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निकालाने ठाण्यातल्या कॅमेऱ्यांची जबाबदारीही ठाण्याच्या प्रमुखावर टाकली. कागद कमी नाहीत. तरी रात्री साडेतीनला दुसऱ्या पथकाचा एखादा वरचढ माणूस लॉकअपची किल्ली मागतो, तेव्हा जमादार काय बोलेल?

अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइड डेरेक शॉविन या पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरत होता, तेव्हा बाजूच्या दोन नवख्या पोलिसांपैकी एकाने त्याला कुशीवर वळवायचं का, असं दोनदा विचारलं होतं. एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या शॉविनने ऐकलं नाही, आणि विचारणाऱ्याने पुढे काही केलं नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ आणि ती दोघांमधली भिंत आपल्याकडे काही कमी जाड नाही. न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी त्याच्या काही वर्षं आधीच एक अभ्यासक्रम तयार केला होता, साथीदार चुकत असेल तर मध्ये कसं पडायचं याचा. नाटक बसवावं तसा सराव: कोणतं वाक्य बोलायचं, हात कुठे ठेवायचा, थांबवल्या गेलेल्यानेही राग कसा गिळायचा. फ्लॉइडनंतर तो देशभर पसरला.

पण अमेरिकेची नक्कल करायला सांगण्यात अर्थ नाही. अडचण त्यांनाही तीच आहे. तिथे सुमारे अठरा हजार वेगवेगळी पोलीस खाती, आणि स्थानिक खात्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पूर्णवेळ पोलीस दहासुद्धा नाहीत. अशा ठिकाणचा सार्जंट आठवडाभर शिकायला गेला की रात्रपाळीच उघडी पडते. आपलं खातं राज्याचं, एकच. पण बामणीचा जमादार जालन्याच्या किंवा बाभळगावच्या प्रशिक्षण केंद्रात पंधरा दिवस गेला, तर इथेही त्याच्या खुर्चीवर बसायला कोण आहे? म्हणून कोणी नाव पाठवतच नाही. पाठवलं तर ज्याच्यावाचून ठाण्याचं काही अडत नाही, त्याचं.

यावरचा उपाय परभणीला बाहेरून आणावा लागत नाही. १९७२ पासून इथे कृषी विद्यापीठ आहे, आणि कृषी विभागाची 'शेतीशाळा' खेड्यापाड्यांत सगळ्यांना माहीत आहे. मूळ कल्पना इंडोनेशियातली, १९८९ची, भातावरच्या तुडतुड्यांमुळे जन्मलेली. शेतकऱ्याला विद्यापीठात बोलवायचं नाही. त्याच्याच गावातल्या एका प्लॉटवर हंगामभर ठरावीक दिवशी जमायचं, पानं उलटून किडी मोजायच्या, मित्रकीड कोणती, शत्रुकीड कोणती ते बघायचं आणि फवारायचं की नाही हे आपसात वाद घालून ठरवायचं. शिकवणारा कमी बोलतो.

तशी ठाणेशाळा का नसावी? आठवड्यातून एकदा, हजेरी झाल्यावर वीस मिनिटं. प्लॉट म्हणजे आपलीच स्टेशन डायरी. मागच्या आठवड्यातली एक नोंद काढायची आणि विचारायचं, त्या वेळी तू टेबलामागे असतास तर? हजेरी आज बहुतेक ठिकाणी कामाचं वाटप आणि कसुरीची बोलणी यांतच संपते. चारचौघांत खाल्लेली बोलणी माणूस घरी नेतो, आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर आलेल्या फिर्यादीवर उतरवतो. चुकीबद्दल एकट्याला बाजूला घेऊन कसं बोलावं, रजा नाकारताना कारण कसं सांगावं, साहेबाचा हुकूम बेकायदेशीर वाटला तर तो डायरीत कसा नोंदवावा, ही कौशल्यं वीस-वीस मिनिटांतच येतात. महिला जमादारांची संख्या वाढते आहे. भरतीतल्या तीस टक्के आरक्षणातून आलेल्या मुली आता फिती लावताहेत. आपल्याहून वयाने मोठ्या शिपायाला हुकूम देताना त्यांना कोणते टोमणे ऐकावे लागतात, हेही त्याच वीस मिनिटांत बोललं जावं. शिकवायला बाहेरचा वक्ता नको. निवृत्तीला आलेला एखादा सहायक फौजदार पुरे; ज्याच्या ठाण्यात तक्रारदार चहा न पाजताही शांत व्हायचे, असा. प्रत्येक तालुक्यात असा एक तरी असतो.

वेळ नाही, असं ठाणेदार म्हणतील. खरंच नसतो. उरूस, गणपती, ईद, भीमजयंती, त्यात निवडणुका. म्हणून तर पंधरा दिवस मागत नाही.

पहिला धडा सुरुवातीचाच घ्यावा. रात्रीचे दोन, ओला पदर, दहा पावलांवर नवरा. एका शिपायाने बाईचं काम करायचं, एकाने नवऱ्याचं. वजनदार माणसाचं काम सगळ्यांनाच हवं असेल, कारण तो कसा बोलतो हे प्रत्येकाला तोंडपाठ आहे: खुर्ची ओढून बसत, "जमादार, घरचाच मामला आहे, कशाला लिहिता?" जमादाराच्या खुर्चीत मात्र नुकती फीत मिळालेल्याला बसवायचं. त्याने आधी कोणाकडे बघायचं, पाणी कोणाला द्यायचं, बाहेर थांबायला कोणाला आणि कोणत्या आवाजात सांगायचं, डायरीचं पान कधी उघडायचं. पहिल्या खेपेला तो बहुतेक हसेल. मग पुन्हा करायला लावायचं.

(पुढील भागात : मुद्देमालाची खोली)