हाताने फिरवायचे धुलाई-यंत्र

कपडा मळतो म्हणजे नेमके काय होते, हे समजल्यावाचून तो धुणाऱ्या यंत्राची रचना ध्यानात येणार नाही. अंगातून घाम निघतो, त्याबरोबर थोडा तेलकटपणाही निघतो व तो कपड्याच्या धाग्यांत मुरतो. वाऱ्याबरोबर येणारी धूळ या तेलकट थराला चिकटून बसते. असा कपडा नुसत्या पाण्यात बुडवून ठेवला, तर वरवरची धूळ निघून जाते. चिकटलेला मळ मात्र तसाच राहतो, कारण तेल व पाणी ही एकमेकांत मिसळत नाहीत. साबण त्या दोहोंमधला मध्यस्थ होय. साबणाच्या अतिसूक्ष्म कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. त्यामुळे मळ धाग्यापासून सुटा होतो. पाणी ऊन असेल, तर हे काम अधिक लवकर होते.

परंतु सुटा झालेला मळ आपण होऊन बाहेर येत नाही. कपड्याच्या विणीतून पाणी जोराने आरपार गेले, तरच ते मळाला आपल्याबरोबर वाहून नेते. नदीकाठी कपडा दगडावर आपटतात किंवा लाकडी धोपाटण्याने बडवतात, ते याचसाठी. प्रत्येक आघातासरशी धाग्यांतले मळके पाणी बाहेर फेकले जाते. कपडा पुन्हा बुडवला, की त्या जागी नवे पाणी शिरते. तेव्हा धुण्यात आघाताला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते विणीतून पाणी आत-बाहेर खेळण्याला. ज्यांना ही गोष्ट उमगली, त्यांनाच कपडे धुण्याचे यंत्र बनविता आले.

युरोप-अमेरिकेतील घरांमध्ये अशा यंत्राची निकड फार होती. तिकडे थंडीच्या दिवसांत नदीवर जाऊन धुणे शक्य नसे. घरोघरी आठवड्यातून एक दिवस धुण्यासाठी राखून ठेवलेला असे, आणि तो बहुधा सोमवार असे. विहिरीवरून पाणी आणायचे, चुलीवर मोठ्या भांड्यात ते तापवायचे, कपडे उकळायचे, मग पन्हळी फळीवर एकेक कपडा घासायचा, खळबळायचा, पिळायचा आणि वाळत घालायचा. एका धुण्याला सुमारे 190 लिटर पाणी लागे. तेवढे पाणी विहिरीपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून टबापर्यंत बाईच्या हातांनीच वाहिले जाई. क्षारयुक्त साबणाच्या ऊन पाण्यात दिवसभर राहून हातांची सालपटे निघत, ती वेगळीच. 1833 साली अमेरिकेत धातूचा पन्हळी पृष्ठभाग असलेल्या धुण्याच्या फळीला पेटंट मिळाले. ही फळी लाकडी फळीपेक्षा टिकाऊ होती खरी. पण घासण्याचे श्रम होते तेवढेच राहिले.

यंत्राची कल्पना त्याही आधीची आहे. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकात 1752 साली धुण्याच्या एका यंत्राचे चित्र छापले गेले होते. पुढे जर्मनीतील रेगेन्सबुर्ग या नगरात याकोब क्रिस्टियान शेफर या धर्मोपदेशकाने असे यंत्र स्वतः सिद्ध करून 1766 साली त्यावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. शेफर हा मोठा विलक्षण मनुष्य होता. कीटक, पक्षी व अळिंबे यांचा तो अभ्यासक होता. त्या काळी कागद चिंध्यांपासून होत असे. त्याऐवजी गवत, पाने, इतकेच नव्हे तर गांधीलमाशीचे पोळे यांपासूनही कागद करून पाहण्याचा उद्योग त्याने केला. अशा विद्वानाला घरातील धुणे हा विचार करण्याजोगा विषय वाटला, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे. त्याचे यंत्र दिसायला साधेच होते. एक लाकडी पिंप, त्यावर झाकण, झाकणाच्या मध्यातून आत गेलेला उभा दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला खुंट्या आणि वरच्या टोकाला मूठ. मूठ धरून दांडा फिरवला, की खुंट्या कपड्यांना पाण्यातून ओढत नेत.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे पुष्कळ कारागीर याच घाटाचे यंत्र सुधारत होते. त्यांच्यापुढे मुख्य अडचण कोणती होती, हे एका सोप्या प्रयोगाने कळते. बादलीत पाणी घेऊन त्यात एक रुमाल टाकावा आणि हाताने पाणी एकाच दिशेने ढवळत राहावे. प्रथम पाणी रुमालाला ढकलते. थोड्याच वेळात पाणी आणि रुमाल दोन्ही सारख्याच वेगाने गरगर फिरू लागतात. मग पाणी रुमालाच्या आरपार जाण्याचे थांबते, कारण दोघेही बरोबरच चाललेले असतात. यंत्रात दहा-बारा कपडे असले, तर ते खुंट्यांभोवती गुंडाळले जाऊन त्यांचा पीळ बसतो, तो निराळाच. आता पाणी असे फिरत असता एकाएकी हात उलट दिशेने फिरवावा. रुमाल मागे ओढला जातो. पाणी मात्र पहिल्या वेगामुळे पुढेच धावत असते. त्या क्षणी ते रुमालाच्या विणीतून जोराने घुसते. म्हणजे जे धोपाटणे बाहेरून करते, ते दिशा बदलल्याने पाण्याच्या आतच घडून येते.

ताक घुसळताना हीच क्रिया नित्य पाहावयास मिळते. रवीला गुंडाळलेल्या दोरीचे एक टोक ओढले, की रवी एका बाजूला फिरते. दुसरे ओढले, की उलट फिरते. धुण्याच्या यंत्रातील दांडा म्हणजे एक प्रकारची रवीच होय. तिच्या टोकाला कातीव फुलाऐवजी एक गोल पाट असतो आणि त्या पाटाला खालच्या अंगाने चार-सहा गुळगुळीत खुंट्या बसविलेल्या असतात. खुंटीला कोठेही कंगोरा राहून चालत नसे, नाहीतर कपडा फाटे.

ही लाकडी रवी उलटसुलट फिरविण्यासाठी दोरीऐवजी दातेरी चाकांचा उपयोग होऊ लागला. एका प्रकारच्या यंत्रात झाकणावर एक लांब दांडा उभा असे आणि चालविणाऱ्याने तो होडीच्या वल्ह्यासारखा पुढे-मागे करायचा असे. दांड्याच्या बुडाशी एक दातेरी कमान जोडलेली असे. ही कमान म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचा एक तुकडा. तिचे दाते एका लहान दातेरी चाकात अडकत आणि ते लहान चाक रवीच्या डोक्यावर पक्के बसविलेले असे. दाते तिरके कापलेले असल्यामुळे कमानीचे उभे डुलणे रवीच्या आडव्या फिरण्यात बदलून जाई. समजा, कमान ज्या पूर्ण चाकाचा तुकडा आहे त्या चाकाला 60 दाते आहेत आणि लहान चाकाला 12. दांडा वर्तुळाच्या पाचव्या भागाइतका डुलला, की कमानीचे 12 दाते पुढे सरकतात आणि रवीचा एक पूर्ण फेरा होतो. दांडा मागे आणला, की तेवढाच फेरा उलट होतो. अर्थात वेग वाढला, की जोरही अधिक लागतो. यंत्र श्रम फुकट देत नाही. म्हणूनच दांडा लांब ठेवीत. लांब दांड्यावर हाताचा जोर थोडा पुरतो.

दांडा सतत पुढे-मागे ढकलून खांदे भरून येतात. जात्याचा खुंटा किंवा रहाटाची मूठ गोल फिरविणे त्या मानाने सुसह्य असते. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात बाजूला एक जड लोखंडी चाक लावून त्याला मूठ बसविलेली असे. हे चाक एकाच दिशेने फिरवायचे, तरीही रवी मात्र उलटसुलट फिरायला हवी! ही किमया एका दांडीने साधली होती. चाकाच्या मध्यापासून काही अंतरावर एक खुंटी असे आणि तीत दांडीचे एक टोक अडकविलेले असे. चाक फिरू लागले, की खुंटी अर्ध्या फेऱ्यात दांडीला पुढे ढकले व उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात मागे ओढी. दांडीच्या दुसऱ्या टोकाला दाते असलेली एक सरळ पट्टी जोडलेली असे. ती पट्टी रवीवरील लहान चाकाला घासून पुढे-मागे सरके आणि रवी आलटून पालटून फिरे. चाक जड ठेवण्यातही हेतू होता. कपडे भिजून ओझे वाढले, की हाताला मधूनच हिसका बसतो. जड चाक एकदा वेगात आले, की तो हिसका ते स्वतःच पचविते.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात विल्यम ब्लॅकस्टन नावाचा एक व्यापारी राहत असे. त्याने 1874 साली पत्नीला वाढदिवसाची भेट म्हणून असे यंत्र तयार केले, अशी हकिगत सांगतात. लाकडी पिंप, त्यात सहा लहान खुंट्यांचा पाट, वर मूठ आणि दातेरी चाके अशी त्याची रचना होती. शेजाऱ्यांनाही ते यंत्र हवेसे वाटले आणि ब्लॅकस्टन ती यंत्रे करून विकू लागला. अडीच डॉलरला एक याप्रमाणे ती विकली जात.

या यंत्रांचे पिंप उभ्या फळ्या लोखंडी पट्ट्यांनी आवळून केलेले असे. फळ्यांच्या सांध्यांना दुसरे काही लावण्याची आवश्यकता नसे. पाण्याने लाकूड फुगे आणि सांधे आपोआप घट्ट बसत. मात्र पिंप कोरडे पडले, तर फळ्या आकसून ते गळू लागे. म्हणून यंत्र वापरात नसतानाही शहाणी गृहिणी त्यात थोडे पाणी ठेवी. पुष्कळ पिंपांच्या आतल्या बाजूला पन्हळी कोरलेल्या असत. रवीने ढकललेले कपडे त्यांवर घासले जात.

धुऊन झालेल्या कपड्यांतील पाणी काढण्यासाठी पिंपाच्या काठावर पिळण्याचे निराळे यंत्र अडकवीत. ते उसाच्या चरकासारखेच असे. एकावर एक असे दोन रूळ, वरच्या रुळावर दाब देणारी कमान आणि फिरवायला मूठ. रुळांमध्ये कपड्याचे टोक धरून मूठ फिरवली, की कपडा पलीकडे चपटा होऊन निघे आणि पाणी अलीकडे परत पिंपात पडे. आरंभीचे रूळ लाकडी होते. त्यांत बटणांचा चुरा होई. रबर टिकाऊ करण्याची कृती सापडल्यावर रुळांना रबराचे वेष्टण चढले. रबर बटणापुरते दबते आणि पुन्हा पूर्ववत होते. तरीही बटणे आतल्या बाजूला येतील अशी घडी घालावी लागेच, आणि बोटे सांभाळावी लागत ती निराळीच. घाईत बोट रुळात सापडले, म्हणजे मोठी दुखापत होई.

या यंत्राने बायकांचे श्रम किती वाचविले? घासणे वाचले आणि हात साबणाच्या पाण्यातून बरेचसे बाहेर आले, हे निःसंशय. पण पाणी आणणे, तापविणे आणि धुऊन झाल्यावर ते बाहेर नेऊन ओतणे, ही कामे यंत्र करीत नव्हते. शिवाय मूठ कोणी तरी फिरवायचीच होती. पुष्कळ घरांत हे काम मुलांच्या वाट्याला येई. अमेरिकेतील न्यूटन या गावी शेतीची अवजारे करणाऱ्या मेटॅग यांच्या कारखान्याने 1907 साली हाताने फिरवायचे धुलाई-यंत्र बाजारात आणले आणि त्याला 'विरंगुळा' अशा अर्थाचे नाव दिले. हे नाव मूठ फिरविणाऱ्याने ठेवलेले नसावे! दोनच वर्षांनी त्याच कारखान्याने नवे यंत्र काढले. त्याला पट्ट्याचे चाक होते, म्हणजे बाहेरच्या इंजिनाची शक्ती त्याला जोडता येई. त्याचे नाव मात्र चपखल होते: 'मोलकरीण'. 1911 साली त्यांचे विजेवर चालणारे यंत्रही आले. पिंप, रवी आणि खुंट्या यांची रचना पूर्वीचीच राहिली. मुठीच्या जागी मोटार आली.

रवीच्या यंत्राबरोबरच आणखी एक मार्ग फार पूर्वी सुचलेला होता. इंग्लंडमध्ये हेन्री सिजर याने 1782 साली निराळ्याच यंत्राचे पेटंट घेतले. त्यात लाकडी दांड्यांचा एक पिंजरा पाण्याच्या पिंपात आडवा बसविलेला होता. कपडे पिंजऱ्यात घालून मुठीने पिंजरा फिरवायचा. दांड्यांमधील फटींतून पाणी आत-बाहेर जाई. येथे दिशा उलटण्याची गरजच उरत नाही. पिंजरा फिरताना कपडे एका बाजूने वर चढतात आणि माथ्याजवळ येताच आपल्या वजनाने खाली पाण्यात आपटतात. दगडावरचे आपटणेच जणू पिंपात येऊन बसले. मात्र पिंजरा बेताने फिरवावा लागतो. वेग फार वाढला, तर कपडे कडेला चिकटून राहतात आणि खाली पडतच नाहीत.

समोरच्या दारातून कपडे घालण्याची आजची विजेची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. आणि जेथे वीज नाही, तेथे मूठही पुन्हा आली आहे. नवज्योत साहनी हा ब्रिटिश अभियंता तमिळनाडूतील एका खेड्यात काम करीत असता शेजारणीला रोज हाताने कपडे धुताना होणारे कष्ट त्याने पाहिले. 2018 साली त्याने अशा घरांसाठी यंत्र तयार करण्याचे कार्य सुरू केले आणि त्या यंत्राला शेजारणीचेच नाव दिले: 'दिव्या'. इराकमधील निर्वासितांच्या छावणीत 2021 साली ही यंत्रे पोचली. त्यात आडवे बसविलेले एक पिंप आहे, समोर दार आहे आणि बाजूला फिरविण्यासाठी एक मूठ आहे.