हिमलोटाची पूर्वसूचना

हिवाळा आला म्हणजे आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें काश्मीरांत गुलमर्गला जातात, आणि त्यांतील तरुण मंडळी पायांना स्की बांधून बर्फावरून घसरण्याची हौस भागवितात. राखलेल्या उतारावर या खेळांत फारसें भय नाहीं. परंतु गोंडोल्यानें अफरवटाच्या माथ्याकडे चढून राखलेली वाट सोडली, कीं मनुष्य निराळ्याच राज्यांत शिरतो. २०२३ च्या फेब्रुवारींत याच डोंगरावर हिमलोटाखालीं सांपडून पोलंडचे दोन स्कीपटु मरण पावले; पुढच्याच वर्षीं, त्याच महिन्यांत, एक रशियन. हा लोट कसा उद्भवतो आणि त्याची सूचना कशी वाचावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

डोंगरावरील बर्फ हा एकजिनसी ढीग नव्हे. हिमवृष्टीमागून हिमवृष्टि होऊन त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे रचले जातात. थंडी कडक आणि बर्फ उथळ असला, म्हणजे त्याच्या पोटांतील कण साखरेसारखे भरड व सुटे होतात. ते एकमेकांस धरीत नाहींत. अशा दुबळ्या थरावर नवा बर्फ पडला, किंवा वाऱ्यानें इकडचा बर्फ उडवून तिकडे घट्ट थापला, तर सुट्या वाळूवर फरशी मांडल्यासारखी स्थिति होते. एका माणसाचें ओझें पडतांच दुबळा थर मोडतो, ती मोड क्षणांत दूरवर धांवते, आणि सबंध फरशी घसरूं लागते. हें बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतें.

म्हणूनच हवामानाचें भाकित आणि हिमलोटाचें भाकित हीं भिन्न होत. पहिलें सांगतें, बर्फ किती पडेल. दुसरें सांगतें, पडलेला जागीं टिकेल काय. वादळ सरून लख्ख ऊन पडलें, कीं खेळाडूचें मन प्रफुल्लित होतें. पण नवा भार अजून बसलेला नसल्यामुळें तोच दिवस घाताचा ठरूं शकतो.

थरांचा पद्धतशीर अभ्यास स्वित्झर्लंडांत दावोसजवळ १९३६ सालीं सुरू झाला. युरोपांत १९९३ पासून धोक्याच्या पांच पायऱ्या सर्वत्र एकच आहेत. त्यांतील तिसरी मोठी फसवी. पांचांतली मधली, म्हणून ती मध्यम, असा हिशेब लोक करतात. वस्तुतः धोका प्रत्येक पायरीस पटींनीं वाढतो. वरच्या दोन पायऱ्यांवर लोक घरीं बसतात, तिसरीवर बाहेर पडतात, आणि पुष्कळसे मृत्यु तिसरीवरच घडतात. शिवाय सूचना सबंध विभागाची असते, पायाखालच्या उताराची नव्हे. आणि लोट बहुधा गाडला जाणारा स्वतः किंवा त्याचा सोबतीच सुरू करतो.

गाडलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला, तर बहुधा वांचतो. पुढें हवेवांचून आशा झपाट्यानें मावळते. इतक्यांत बाहेरचें साहाय्य पोंचत नाहीं. यासाठीं प्रत्येकाच्या अंगावर ठिकाण कळविणारें व शोधणारें यंत्र, आणि पाठीवर लांब शोधकाठी व फावडें असलेंच पाहिजे. संशयाचा उतार एका वेळीं एकानेंच ओलांडावा. इतरांनीं सुरक्षित जागेवरून त्याच्यावर दृष्टि ठेवावी.

मुलगा गुलमर्गला निघाला, कीं स्वेटर घेतलास काय, असें आपण विचारतोंच. आज सूचना कितव्या पायरीची आहे आणि सोबतीला कोण आहे, हेंही त्याला विचारीत जावें.