जुन्या विद्येची नवी शाळा

काशीच्या पंचगंगा घाटाजवळ, गंगेच्या पात्रापासून बऱ्याच उंचीवर, अरुंद गल्ल्यांच्या दाट वस्तीत मंगलागौरीचे मंदिर आहे. मंदिरातच गभस्तीश्वराचे लिंग असून ते सूर्याने तप करून स्थापिले, अशी काशीखंडातील कथा आहे. श्रावणातील मंगळवारी येथे स्त्रियांची रीघ लागते. महाराष्ट्रीय वाचकाला या परिसरात फारसे परके वाटू नये. जवळच पेशव्यांच्या काळातील बालाजीचे मंदिर आहे. पलीकडे ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट येथे दक्षिणेतून येऊन स्थायिक झालेल्या ब्राह्मण कुटुंबांची जुनी घरे आहेत. दोन-अडीच शतकांपूर्वी या घरांतून जे अध्ययन चालत असे, ते समजून घेतल्यावाचून काशीतील पहिल्या सरकारी संस्कृत पाठशाळेची कथा नीट उमगत नाही.

ही घरे म्हणजेच त्या काळची विद्यालये होती. फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निए याने १६६७ मध्ये लिहिलेल्या पत्रात काशीला हिंदुस्थानचे अथेन्स म्हटले आहे. मात्र युरोपातील विद्यापीठांप्रमाणे येथे एकत्र असे महाविद्यालय नाही, याचीही त्याने नोंद केली आहे. गुरू नगरभर विखुरलेले असत. कोणी आपल्या घरी शिकवी, तर कोणी एखाद्या धनिकाच्या बागेत. एकेकाजवळ चार, सहा किंवा सात शिष्य. अत्यंत नामांकित पंडिताजवळ फार तर बारा-पंधरा. शिष्य दहा-बारा वर्षे राहत आणि श्रीमंत व्यापाऱ्यांनी पुरविलेल्या खिचडीवर निर्वाह करीत. बर्निएने काशीतील ज्या अग्रगण्य पंडिताची भेट घेतली व ज्याचा ग्रंथसंग्रह पाहिला, तो गोदातीराहून आलेला कवीन्द्राचार्य सरस्वती असावा, असे अभ्यासक मानतात.

गोदातीराचा हा धागा कवीन्द्राचार्यापुरता नव्हता. सोळाव्या शतकात पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टाने काशीत शिष्यपरंपरा उभी केली. त्याच वंशातील कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ मध्ये पूर्ण झाला; नीळकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ पुढे मुंबईच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या प्रश्नांवर प्रमाण मानला जाऊ लागला; आणि गागाभट्टाने १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. हे सर्व घडले ते हजेरीपट, वेतनपत्रक आणि परीक्षा यांच्याशिवाय. पंडिताची योग्यता ठरे ती सभेतील वादात, आणि त्याला जे मिळे ते दान असे, मजुरी नव्हे. दान देणारा राजा असो वा सावकार, त्याने शिष्याची परीक्षा घ्यावी किंवा पंडिताने किती दिवस शिकविले हे विचारावे, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती.

इ. स. १७९१ च्या ऑक्टोबरमध्ये या जगाशेजारी एक नवीन शाळा उघडली. तिचा प्रवर्तक जोनाथन डंकन हा ईस्ट इंडिया कंपनीचा काशीतील रेसिडेंट होता. (हाच डंकन १७९५ पासून १८११ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, मुंबईचा गव्हर्नर होता.) १ जानेवारी १७९२ रोजी गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याला लिहिलेल्या पत्रात त्याने शाळेचे दोन लाभ सांगितले. पहिला असा की, हिंदूंच्या धर्मक्षेत्री त्यांच्याच विद्येचा सांभाळ केल्याने नव्या राज्यकर्त्यांविषयी लोकांत ममत्व निर्माण होईल. दुसरा अधिक व्यावहारिक होता: युरोपीय न्यायाधीशांना हिंदू धर्मशास्त्राचा अर्थ सांगण्यासाठी लागणारे पंडित येथे तयार होतील. वाढीव महसुलातून पहिल्या वर्षी १४,००० रुपये आणि पुढे दरसाल २०,००० रुपये अशी तरतूद झाली.

या शाळेची नियमावली मोठी उद्‌बोधक आहे. वैद्यकाचा अध्यापक वगळता सर्व अध्यापक ब्राह्मणच असावेत, असा एक नियम होता. शिस्त धर्मशास्त्रातील अध्ययनविषयक प्रकरणाला अनुसरून ठेवावयाची होती. व्याकरण, न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र यांजबरोबर गणित, वैद्यक, संगीत, एवढेच नव्हे तर यंत्रकलाही विषयांच्या यादीत होती. विद्यार्थ्यांची वर्षातून चार वेळा रेसिडेंटसमक्ष परीक्षा व्हावयाची. परंतु ब्राह्मणेतरांपुढे ज्यांची चर्चा करणे निषिद्ध, अशा पवित्र विषयांची परीक्षा मात्र ब्राह्मणांच्या वेगळ्या मंडळाने घ्यावयाची होती.

हा शेवटचा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. पैसा देणारा रेसिडेंट स्वतःच्याच शाळेतील विद्येच्या एका भागापुढे दाराबाहेर उभा होता. ते दार त्याच्यासाठी जसे बंद होते तसेच या देशातील स्त्रियांसाठी आणि बहुसंख्य जातींसाठीही बंद होते. रेसिडेंटची गैरसोय नियमात लिहिली गेली. इतरांची लिहिण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही.

प्राचीन भाषा व शास्त्रे शिकविणारी नवी संस्था काढणे, हा प्रयोग जगात इतरत्रही झालेला आहे. सोळाव्या शतकात युरोपभर निघालेल्या जेझुइट शाळा या त्याच जातीच्या. गोव्यातील सेंट पॉल कॉलेजही त्याच शतकातले. १५९९ मध्ये निश्चित झालेल्या जेझुइट अभ्यासक्रमात लॅटिन व ग्रीक व्याकरणापासून काव्य, वक्तृत्व, तत्त्वज्ञान अशा पायऱ्या चढत जावयाच्या असत. त्या शाळांचे बळ अभ्यासक्रमात होते तितकेच, किंबहुना अधिक, त्यांच्या घडणीत होते. शिकविणारा हा व्रतस्थ असे, शाळेचा निर्वाह देणग्यांवर चाले, आणि शिक्षणाचा हेतू शिकविणाऱ्याचा स्वतःचाच असे. काशीच्या पाठशाळेत या गोष्टींची फारकत झाली. शिकविणारे पंडित, पैसा कंपनीचा, हेतू न्यायालयाचा. आणि या सर्वांच्या मध्यभागी दरमहा वेतन वाटणारा एक मनुष्य.

तो मनुष्य म्हणजे पहिला मुख्याध्यापक काशीनाथ. तो सामान्य पंडित नव्हता. भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर १७८५ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या चार्ल्स विल्किन्सला संस्कृत शिकविणारा तो हाच, असे संशोधकांनी दाखविले आहे. इतर पंडितांवर देखरेख आणि त्यांच्या वेतनाचे वाटप ही दोन्ही कामे त्याच्या हाती होती. गुरुगृहाच्या व्यवस्थेत असा अधिकार कोणा पंडिताला दुसऱ्या पंडितावर कधीच नव्हता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. तक्रारी वाढल्या, चौकशी झाली, आणि पैशाच्या अपहाराच्या ठपक्यावरून १८०१ मध्ये काशीनाथाला दूर करण्यात आले. एका व्यक्तीच्या लोभावर सर्व दोष टाकून हे प्रकरण मिटविता येते आणि तत्कालीन अधिकाऱ्यांनी बहुतांशी तेच केले. परंतु ज्या पदाला पूर्वपरंपरेत कोणताही आधार नव्हता आणि ज्याच्या हिशेबावर दहा वर्षे पुरेशी देखरेख नव्हती, ते पद निर्माण करणाऱ्यांचा वाटाही त्यात कमी नव्हता.

दहा वर्षांनंतर, मार्च १८११ मध्ये, गव्हर्नर-जनरल लॉर्ड मिंटो याने देशातील विद्येच्या ऱ्हासासंबंधी लिहिलेल्या टिपणात एक महत्त्वाची कबुली आढळते. वेतन चांगले असूनही काशीतील सर्वांत विद्वान पंडित पाठशाळेतील जागा नाकारीत, कारण सरकारी चाकरी म्हणून शिकविणे त्यांना कमीपणाचे वाटे. यावर मिंटोने सुचविलेला उपाय मासलेवाईक आहे: नेमलेल्या पंडितांनी आपापल्या घरीच शिकवावे! वीस वर्षे आणि काही लाख रुपये खर्ची पडल्यावर सरकार पुन्हा बर्निएने पाहिलेल्या उंबरठ्यापाशी येऊन उभे राहिले होते.

पुढील काळात इंग्रज देखरेख वाढली, वार्षिक परीक्षा सुरू झाल्या, गुणवंतांना बक्षिसे मिळू लागली. पुण्यात ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा हे याच धोरणाचे महाराष्ट्रातील रूप होय. तेथे पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीचा आधार होता, म्हणून लोकांना ती निदान ओळखीच्या दानासारखी वाटली असावी. १८५१ मध्ये तिचे इंग्रजी शाळेशी एकीकरण झाले आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उदयास आले.

काशीत मात्र संस्कृतची शाळा संस्कृतचीच राहिली. तिला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती नियमांनी नव्हे. ज्यांना घर आणि शाळा अशा दोन्हींची विद्या अवगत होती, अशा काही अध्यापकांनी. त्यांत बापूदेव शास्त्री हे नाव ठळक आहे. त्यांचे घराणे मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील गोदातीरचे. नागपूरला त्यांनी धुंडिराज मिश्र यांच्याजवळ भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आणि बीजगणित यांचे अध्ययन केले. सिहोरचा इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन हा भारतीय ज्योतिषाचा चाहता होता. त्याने या तरुणाची बुद्धी हेरून त्याला सिहोरच्या पाठशाळेत नेले. तेथे युक्लिडच्या भूमितीची ओळख झाली. १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या पाठशाळेत गणिताचे अध्यापक झाले.

आता त्यांच्यासमोर दोन ज्योतिषे होती: एक सूर्यसिद्धान्ताचे आणि दुसरे दुर्बिणीचे. त्यांनी कोणतेही एक टाकले नाही. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले, विल्किन्सनने केलेले ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायाचे भाषांतर तपासून दिले, दोन्ही १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी, १८५८ मध्ये, ग्रहाच्या तात्कालिक गतीविषयी भास्कराचार्यांनी केलेल्या विवेचनात चलनकलनाची कल्पना आढळते, असे त्यांनी एका निबंधात दाखविले. याउलट, ग्रहांची स्थिती प्रत्यक्ष वेधाशी जुळलीच पाहिजे, असा आग्रह धरून इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे त्यांनी काशीतून पंचांग काढले. एकादशी कोणत्या दिवशी करावी, हा प्रश्न घराघरात पोहोचणारा असल्याने या पंचांगावर वाद झाले, यात नवल नाही. परंतु वाद करणाऱ्यांनाही बापूदेवांना जुने ज्योतिष येत नाही, असे म्हणता येईना.

जेम्स बॅलंटाइन हा १८४६ पासून १८६१ पर्यंत पाठशाळेचा मुख्य होता. पंडितांना पाश्चात्त्य तर्कशास्त्र संस्कृतातून शिकवावे, अशी त्याची खटपट होती. बेकनच्या तर्कग्रंथाचे विठ्ठल शास्त्री यांनी संस्कृतात केलेले विवरण १८५२ मध्ये निघाले, ते त्याच काळात. मार्खम किटो याने बांधलेली गॉथिक पद्धतीची इमारतही याच सुमाराची. टोकदार कमानींखाली बसून पाणिनीची सूत्रे घोकणारे विद्यार्थी हे दृश्य प्रथम पाहणाऱ्यास विसंगत वाटते. पण सवयीने डोळा सर्व काही स्वीकारतो. १९१८ मध्ये गंगानाथ झा हे पहिले भारतीय प्राचार्य झाले, म्हणजे शाळा उघडल्याला तोवर सव्वाशे वर्षे होऊन गेली होती. १९५८ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९७४ पासून ती संपूर्णानंदांच्या नावाने ओळखली जाते.

तिकडे गंगाकाठी घरांतील अध्ययन क्षीण झाले, तरी समूळ नाहीसे झाले नाही. मंगलागौरीला लागून असलेल्या रामघाटावर विसाव्या शतकात वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय उभे राहिले. राजेश्वरशास्त्री द्रविड यांच्यासारख्या विद्वानांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. हे विद्यालय सरकारी गरजेतून निघालेले नाही. घाटावरच्या पंडितांच्या परंपरेने शाळेचे रूप घेतले, ते खाजगी दानाच्या बळावर. तेथे अध्यापन केलेले लक्ष्मीकांत दीक्षित यांचे जून २०२४ मध्ये निधन झाले. त्यांचे घराणे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील आणि त्यांचे राहते घर मंगलागौरीच्या गल्लीत होते.