आणखी एकच डाव

किराणा दुकान चालवणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ उजवा अंगठा धरून दवाखान्यात आले. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितले, तसे ते कळवळले. अंगठ्याच्या मुळाशी असणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांभोवतीच्या आवरणाला सूज आली की असे होते. पूर्वी हे दुखणे मला बहुधा तान्ह्या बाळांना सतत उचलून घेणाऱ्या आयांमध्ये दिसे. कारण विचारले तर गृहस्थ खाली बघत म्हणाले, "मोबाईलवरचा गेम." मी नेहमीचे चार शब्द सुनावले. त्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही कधी खेळलाय का? दिवसभर गिऱ्हाईक, रात्री हिशेब. तेवढाच अर्धा तास माझा असतो."

खेळलो नव्हतो. न खेळताच सल्ला देत होतो. मुलगा दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्याकडून टॅबवर तीन गेम घालून घेतले. रात्री जेवणानंतर अर्धा तास, असा नियम स्वतःला घालून घेतला.

पहिला 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स', २०२२ सालचा. अंगठ्याने आपला माणूस इकडेतिकडे सरकवायचा, एवढेच काम. शस्त्रे आपोआप चालतात. चारी बाजूंनी वटवाघळे आणि सांगाडे अंगावर येतात. मधूनच एक पेटी सापडते आणि ती उघडताना जी रोषणाई आणि वाजंत्री होते, ती जत्रेतल्या नशिबाच्या चक्रासारखी. हा गेम करणारा लुका गॅलान्ते पूर्वी जुगाराच्या खेळांच्या उद्योगात काम करत होता, हे नंतर कळले आणि आश्चर्य वाटले नाही. पण या गेमची एक गोष्ट मला आवडली. बहुतेक ठिकाणी तीस मिनिटे झाली की साक्षात काळ येऊन तुम्हाला उचलतो. खेळ तिथे संपतो. डोळ्यांची मात्र आग झाली. एरवी आपली पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते. पडद्याकडे टक लावून पाहताना ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते आणि डोळा कोरडा पडतो. पन्नाशीनंतर डोळ्यांत पाणी आधीच कमी.

मुलाच्या लॅपटॉपवर पुण्यात तयार झालेला 'राजी' (२०२०) हा गेमही पाहिला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, भिंतींवर सुरेख चित्रे. माझी बोटे त्या वेगाने चालेनात. दुसऱ्याच लढाईत मुलाने लॅपटॉप काढून घेतला.

'स्टारड्यू व्हॅली' हा एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारएक वर्षे खपून २०१६ साली आणलेला शेतीचा गेम. २०२४ मध्ये त्यात मोठी भर पडली. बटाटा, फ्लॉवर लावायचा, रोज पाणी घालायचे. पाऊस आला तर तेवढे काम वाचते. मालाचा भाव ठरलेला, अडत नाही, सावकार नाही. माझ्या एका शेतकरी पेशंटला दाखवला तर तो म्हणाला, "असली शेती मीपण करीन की!" इथला एक दिवस घड्याळाने चौदाएक मिनिटांचा. पहाटे दोनपर्यंत अंथरुणाला पाठ टेकली नाही तर आपला शेतकरी बेशुद्ध पडतो, खिशातले पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी अंगात त्राण कमी असते. हे गणित शरीरशास्त्राच्या पुस्तकात घालावे इतके बरोबर आहे.

तिसऱ्याने मला धडा दिला. 'बलात्रो', फेब्रुवारी २०२४. लोकलथंक या टोपणनावाने राहणाऱ्या एकाच माणसाने केलेला पत्त्यांचा खेळ. पोकरसारखे जोड, रंग, सलग पाच पाने जमवायची. दीडशे तऱ्हेचे जोकर आहेत. ते विकत घेऊन गुण वाढवायचे. यात खरा पैसा कुठेच लागत नाही. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा केव्हातरी.) डाव संपला की लगेच दुकान उघडते, दुकानात नवा जोकर दिसतो, आणि तो चालवून बघायला पुढचा डाव लागतो. हरलो तर बोट लावताच नवा खेळ तयार. उठायची जागाच नाही. "अहो, झोपायचं नाही का?" असे सौ.ने अकराला विचारले, "एकच डाव" म्हणालो. घड्याळ पाहिले तेव्हा दीड वाजला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषधाच्या दुकानातून फोन आला. "सर, आजींची साखरेची गोळी वाढवलीत का? एक मिलिग्रॅमची दोन झालीय." वाढवली नव्हती. सत्तरीच्या आजी, जेवण चिमणीएवढे. ती मात्रा पोटात गेली असती तर साखर एकदम खाली जाऊन त्या घरातच कोसळल्या असत्या. दुकानदाराने जुना कागद बघितला म्हणून निभावले. संध्याकाळी मी स्वतः आजींच्या घरी जाऊन आलो. अपुऱ्या झोपेने माणूस पेंगतोच असे नाही. मला तर त्या सकाळी अगदी ताजेतवाने वाटत होते. चुकले ते फक्त एका आकड्यात. एस.टी.चा चालक, वायरमन, बँकेतला कॅशियर यांचेही असेच होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत गेमच्या विकाराला जागा मिळाली असून ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान होऊनही खेळतच राहणे, हे बहुधा वर्षभर चाललेले असावे लागते. एका जाग्रणाने कोणी रोगी होत नाही. आजींना मात्र एकच जाग्रण पुरले असते.

आता मी जेवणाआधी खेळतो, नंतर नाही. पान वाढले की हाक येते आणि उठावेच लागते. टॅब हातभर लांब ठेवतो, वीस मिनिटांनी नजर उचलून वीसएक सेकंद समोरच्या कडुलिंबाकडे बघतो. बलात्रो काढून टाकला. शेती ठेवली आहे.

किराणावाले तीन आठवड्यांनी आले. अंगठ्याला पट्टा, गोळ्या आणि विश्रांती यांनी सूज उतरली होती. "गेम सोडला का?" विचारले. म्हणाले, "नाही, पण आता मोबाईल गल्ल्यावर टेकवतो आणि डाव्या बोटाने खेळतो." मग जरा थांबून विचारले, "तुम्ही कुठवर पोचलात?" मी म्हटले, "फ्लॉवर काढणीला आलाय."