गाडी ‘ॲव्हरेज’ किती देते?

दारात नवी गाडी आली की पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : “ॲव्हरेज किती देते?” एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, असे त्यांना विचारायचे असते. ‘ॲव्हरेज’ म्हणजे सरासरी. आणि सरासरी म्हटली की ती काढण्याची योग्य रीतही आली. रीत चुकली तर प्रवासखर्चाचा हिशेब चुकतो, आणि भुर्दंड कोणाला तरी सोसावा लागतो.

असे समजा की, शेजाऱ्यांची गाडी मागून घेऊन तुमच्या घरची मंडळी बारामतीहून इंदापूरला लग्नाला निघाली आहेत. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी या गावांवरून जाणारा हा रस्ता तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग म्हणून परिचित आहे. हिशेबासाठी अंतर ५० किलोमीटर धरू, जाऊन-येऊन १००. गाडी परत करताना किती पेट्रोल भरून द्यावे?

त्यासाठी आधी ॲव्हरेज मोजायला हवे. पेट्रोलच्या काट्यावर विसंबू नये. तो केवळ अंदाज दाखवतो. पंपावर टाकी भरून घ्यावी आणि नळी आपोआप बंद होताच थांबून किलोमीटरचा आकडा टिपावा. पुढे काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवून, शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा तशीच टाकी भरावी. समजा, पहिला आकडा २४,३१० होता, दुसरा २४,६३० आहे आणि टाकीत २० लिटर पेट्रोल बसले. ३२० भागिले २० म्हणजे लिटरला १६ किलोमीटर.

पण टाकी दोन्ही वेळा अगदी सारखीच भरेल असे नाही. अर्ध्या लिटरची तफावत धरली, तर २० लिटरमध्ये अडीच टक्क्यांची चूक होते. ५ लिटरच बसले असते, तर हीच चूक १० टक्के झाली असती! म्हणून चार वेळा टाकी भरून एकूण ८० लिटरचा हिशेब ठेवावा. मग चूकही चौपट होणार नाही का? नाही. मध्ये एखाद्या वेळी टाकी थोडी कमी भरली, तर पुढच्या वेळी तेवढेच पेट्रोल जास्त बसते. मधल्या चुका अशा परस्पर फिटतात. उरते ती सुरुवातीच्या आणि शेवटच्या भरण्यातील तफावत. ८० लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे एक टक्क्याहूनही कमी.

आता लग्नाकडे वळू. जाताना गाडीत दोघेच होते आणि वेग बेताचा होता, म्हणून ॲव्हरेज २० पडले. येताना पाच जण, एसी चालू आणि घरी पोहोचण्याची घाई. ॲव्हरेज १२ वर आले. (फरक ठळक दिसावा म्हणून आकडे मुद्दाम दूरचे घेतले आहेत.) वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटरने गेल्यास तो सव्वादोन पट होतो.

मग संपूर्ण प्रवासाचे ॲव्हरेज किती? पुष्कळ जण २० आणि १२ यांची बेरीज निम्मी करून १६ सांगतील. त्या हिशेबाने ६.२५ लिटर पेट्रोल लागले असते. प्रत्यक्षात जाताना २.५ आणि येताना ४.१७, असे एकूण ६.६७ लिटर जळले. १०० भागिले ६.६७ म्हणजे १५, सोळा नव्हे! लिटरला १०५ रुपये भाव धरला, तर खर्च ६५६ नव्हे, ७०० रुपये झाला. चुकीच्या सरासरीमुळे शेजाऱ्यांचे ४४ रुपये बुडाले असते. म्हणून नियम असा : सरासऱ्यांची सरासरी काढू नये, एकूण किलोमीटरना एकूण लिटरने भागावे. युरोपात ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असे मोजतात. त्या मापात ५ आणि ८.३३ यांची सरासरी सरळ ६.६७ येते, कारण दोन्ही वेळचे अंतर सारखेच आहे.

या रस्त्याच्या दुतर्फा दिसणाऱ्या उसाचाही ॲव्हरेजशी संबंध आहे. उसाच्या मळीपासून इथेनॉल बनते आणि २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. म्हणजे पाचव्या हिश्श्यात एक-तृतीयांश घट. एकूण घट एक-पंधरांश, सुमारे पावणेसात टक्के. प्रत्यक्षात ॲव्हरेज किती उतरते, हे इंजिनाच्या रचनेवरही अवलंबून असते. त्यामुळे ऐकीव आकड्यापेक्षा आपल्या वहीतील मोजमाप अधिक भरवशाचे.

घरच्या गाडीसाठी अशी वही आजच सुरू करा. आणि जाता जाता एक कोडे : एका गाडीचे ॲव्हरेज १० वरून १२ झाले, दुसरीचे २० वरून २५. दोन्ही गाड्या १०० किलोमीटर धावल्या, तर कोणत्या गाडीचे पेट्रोल अधिक वाचेल? घाईने उत्तर देऊ नका. लिटर मोजून पाहा.